त्रेचाळिसावी ओळ

तिने स्टीलची पट्टी त्रेचाळिसाव्या ओळीखाली ठेवली आणि वेळा पुन्हा वाचल्या. एक सत्तेचाळीस. एक सत्तेचाळीस. एक सेहेचाळीस. एक पन्नास. रविवार वगळता गेले तीन महिने हा मेलबॉक्स रोज दुपारी एकदाच उघडला होता, आणि सर्वांत लवकरच्या आणि सर्वांत उशिराच्या वेळेत चार मिनिटांचंच अंतर होतं. कॉलेजात असताना तिने लंबकाची आंदोलनं मोजली होती. तिथेही आकड्यांत एवढी शिस्त कधी सापडली नव्हती.

पट्टी तशीच ठेवून तिने डाव्या हाताची दोन बोटं गळ्याशी नेली. विचार करताना ती बोटं आपोआप तिथे जात, जबड्याच्या जरा खाली.

यादीत बासष्ट मेलबॉक्स होते. काही नोकरी सोडून गेलेल्यांचे, काही ‘चौकशी’, ‘चौकशी-नवीन’ अशा नावांचे, एक तर कधीच विकून टाकलेल्या मशीनच्या नावाचा. नव्या करारात रुग्णांचे रिपोर्ट कुलूपबंद होऊन जाणार होते, ज्याचा रिपोर्ट त्यालाच उघडता येईल असे. पण त्याचे पैसे दर मेलबॉक्समागे होते आणि लॅबची तयारी चाळिसांपुरती होती. म्हणून आठवडाभर ती प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहीत होती. फक्त एक रकाना कोरा राहिला होता.

‘मॅडम, यादी?’

डॉक्टर दारात उभे होते. लॅब त्यांची होती. खोलीत शिरण्याआधी दार वाजवायची सवय त्यांना नव्हती.

‘एक ओळ राहिली आहे, सर.’

‘कालही एकच राहिली होती.’ ते वाकून पट्टीकडे पाहू लागले. ‘ही होय? हिला हात नाही लावायचा. एका मेलबॉक्सच्या भाड्यात अख्खा तपासनीस मिळतोय आपल्याला. आणि तोही कसा, तर रजा न घेणारा.’

‘पण ताई आता आपल्या नोकरीत नाहीत.’

‘तेच तर म्हणतोय मी!’ डॉक्टर हसले. ‘पाचपर्यंत द्या. आज सही करून टाकू. नाहीतर तुमचं हे घोंगडं भिजतच राहायचं.’

ते गेले. तिने पट्टी उचलली आणि पुसल्यासारखी साडीच्या पदरावरून फिरवली.

ताई या लॅबमध्ये एकतीस वर्षं होत्या. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘भिंग’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. रिपोर्ट पावणेदोनला तयार होत, तीनला रुग्णांना जात. मधला सव्वा तास ताईंचा. त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कागद बाहेर पडत नसे. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा डॉक्टर तिला जाता जाता म्हणाले होते, ‘नवीन माणूस रुळेपर्यंत एकेक प्रत ताईंच्या मेलवर जाऊ दे.’ तिने मेलच्या सिस्टिममध्ये तसा नियम लावला. नियमाखाली शेरा लिहायची जागा असते. तिथे तिने लिहिलं होतं, ‘महिनाभरासाठी’, आणि पुढे स्वतःची आद्याक्षरं.

नवीन माणूस तीन आठवड्यांत नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. ताईंचे फोन मात्र येत राहिले आणि हळूहळू तीच रीत पडली. तीन वाजेपर्यंत ताईंचा फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट बरोबर. गेल्या आठवड्यात तिने तपासणीच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं होतं, ‘हे शेवटचं कुणी पाहिलं?’ मुलगी डबा उघडत म्हणाली होती, ‘ताई बघतात की.’

सगळ्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारी, स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकणारी बाई म्हणून लॅबमध्ये तिची ख्याती होती. ‘पासवर्डबाई’ हे नाव ताईंनीच ठेवलेलं. त्याच पासवर्डबाईने रोजचे पन्नास-साठ रिपोर्ट दोन वर्षं लॅबबाहेरच्या एका घरात पाठवले होते. तिच्या नियमाने.

एक वाजून दहा मिनिटांनी तिने यादीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर पडली.

*

‘या, पासवर्डबाई! माझाही बदलायला आलीस की काय?’

ताईंनी दार पूर्ण उघडलं. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीपाशी टेबल, टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवून उभा केलेला टॅब. ताईंनी बोट लावताच तो उघडला. ना पासवर्ड, ना काही. ती पाहत होती हे ताईंच्या लक्षात आलं.

‘ओरडू नकोस. भाच्याचा जुना आहे. त्याने कुलूप लावून दिलं होतं, मलाच उघडता येईना.’

‘मी कुठे काही म्हणाले?’

‘तुझ्या भुवया म्हणाल्या.’

चहाचं पाणी ठेवून ताई परत आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजत होते. टॅबने टिंग केलं. ताईंनी चष्मा बदलला, खुर्ची ओढली, गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा बसल्या.

‘थांब हं. आधी हे.’

एक सत्तेचाळीस झाले होते.

ताई वाचताना बोट स्क्रीनला लावत नसत. कागदाची सवय. बोट काचेपासून अंगुळभर वर राही आणि आकड्यांवरून खाली सरके. त्या नावं वाचत नव्हत्या, हे तिला ओळखीचं होतं. आधी वय, मग आकडा, मग शेजारचा आकडा. अर्ध्या वाटेवर बोट थांबलं. ताईंनी फोन उचलला.

‘बावीस नंबर थांबव. अगं, पोटॅशियम सात आणि माणूस आपल्या पायांनी जिना चढून आला? काय पैलवान आहे का तो? सुईतच रक्त फुटलंय, म्हणून आकडा चढलाय. नमुना परत घ्या.’ पलीकडची मुलगी काहीतरी म्हणाली. ‘सॉरी मला नको म्हणूस. त्याला फोन कर. आत्ता.’

त्यांनी फोन ठेवला आणि बोट तेविसाव्यावर नेलं. ती समोर बसून पाहत राहिली. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. अशी नजर कुठल्याही पैशात मिळाली नसती.

दोन बावीसला वाचून संपलं. मग ताईंनी सगळे मेल निवडले आणि पुसले. कचऱ्याच्या डब्याचं चित्र उघडून तिथूनही पुसले. घड्याळाकडे पाहिलं आणि टॅब पालथा ठेवला.

‘कचरासुद्धा?’ तिने विचारलं.

‘कचरासुद्धा. तूच नाही का शिकवलंस?’

‘एवढी घाई कशाची पण?’

‘अडीचला खालची येते. तिच्या लेकीशी बोलायला, या टॅबवर. तिच्या फोनवर तोंड दिसत नाही म्हणते, पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं.’ ताई उठल्या आणि त्यांनी गॅस पुन्हा पेटवला. ‘आधी मी आरामात वाचायचे. जेवून, पडून, तीन वाजत आणायचे. तुम्ही लोक घायकुतीला यायचात. चार महिन्यांपूर्वीपर्यंत.’

‘मग?’

ताईंनी दोन कप काढले. एक परत ठेवला, दुसरा काढला.

‘मग तिचा रिपोर्ट आला.’

खालून कुणीतरी बादली ओढत नेल्याचा आवाज आला.

‘मुलाच्या पत्त्यावर गेला तो. मुलाने तिला सांगितलेलं नाही. रक्त कमी आहे म्हणाला, गोळ्या देतो. ती इथे बसून मला विचारते, या खुर्चीत, तू बसलीस ना, तिथेच. “ताई, तुम्ही त्यातल्या. गोळ्यांनी येईल ना हो ताकद?”’

‘तुम्ही काय सांगता?’

‘सांगते, मी आता रिटायर झाले.’

चहा उतू जायच्या आत ताईंनी गॅस बारीक केला. गाळून झाल्यावरही त्या ओट्याशीच उभ्या राहिल्या.

‘त्या दिवशी रिपोर्ट उघडा राहिला होता स्क्रीनवर. तिने टॅब हातात घेतला. मी तिच्या हातातून ओढून घेतला, लहान मुलाकडून कात्री घ्यावी तसा. तिला वाटलं, म्हातारीला आपला टॅब द्यायचं जिवावर येतंय. दोन दिवस आली नाही.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘काय सांगू? बंद कर म्हणू? मी म्हटलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी एखादा बावीस नंबर सुटला असता तर?’ त्यांनी कप तिच्यासमोर ठेवला. ‘रोज वाटतं, आज ही पासवर्डबाई जागी होईल. बाकी सगळ्यांचं उघडं-झाकलं दिसतं हिला, माझंच कसं दिसत नाही.’

तिने कप उचलला नाही. बोटं गळ्याशी गेली होती.

‘ताई, स्टाफचे रिपोर्टही यात येतात?’

‘नाव नसतं त्यांच्यावर. कोड नंबर असतो.’

‘आणि वय.’

‘आणि वय,’ ताई म्हणाल्या.

‘गेल्या वर्षी, मार्चमध्ये—’

‘त्यात चूक नव्हती. म्हणून फोन केला नाही.’

‘केला होतात,’ ती म्हणाली. ‘“रविवारी ये” म्हणालात.’

ताईंनी चष्मा काढला आणि पदराने काचा पुसू लागल्या. काचा आधीच स्वच्छ होत्या.

गळ्यातली गाठ. सुई घालून केलेली तपासणी. ‘संशयास्पद, पुन्हा करावी’ हे तीन शब्द. सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या, नवरा घरी येऊन फक्त आंघोळ करून परत जात होता. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रविवारी ती इथे आली. ताईंनी काही विचारलं नाही. बटणांचा डबा तिच्यापुढे ओतला आणि म्हणाल्या, ‘एवढी वेगळी करून दे, पांढरी, काळी, बाकीची.’ ती दोन तास बटणं निवडत बसली, मग दिवाणावर झोपून गेली. उठली तेव्हा अंगावर चादर होती. पुढच्या आठवड्यात दुसरी तपासणी स्वच्छ आली. पण त्या महिन्यातलं काही चांगलं आठवायचं म्हटलं की तिला तोच रविवार आठवे. न सांगता कुणीतरी सोबत बसलं होतं, असं ती वर्षभर मनात धरून होती.

मोजायच्या काट्याचं शून्यच मुळात सरकलेलं होतं हे कळल्यावर जुनी वही पुन्हा उघडावी, तशी ती त्या दुपारीकडे पाहत राहिली. आकडे तेच होते. चादरही तीच होती.

‘राग आला?’ ताईंनी विचारलं.

‘माहीत नाही,’ ती म्हणाली. मग, ‘चादर कोणती होती हो ती? निळी?’

‘हिरवी. फाटली ती.’

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, मध्ये एकदा थांबून, कठड्याला धरत वर येणारी. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. दोन एकोणतीस. त्यांनी टॅब उलटा करून पुन्हा एकदा उघडला, रिकामा मेलबॉक्स बघितला आणि बरणीला टेकवून ठेवला.

त्याच वेळी तिच्या पर्समध्ये फोन वाजला. डॉक्टर होते.

‘मॅडम, बावीस नंबरचं कळलं ना? थोडक्यात वाचलो! उगाच पळवलं असतं माणसाला इस्पितळात. आता तरी पटलं? ती ओळ चालू, म्हणजे मी सही करायला मोकळा.’

दारावर टकटक झाली. ताई दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. वळून तिच्याकडे पाहिलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. एकतीस वर्षं रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसांसमोर ठेवलेला तो चेहरा होता.

‘हॅलो? मॅडम, ऐकू येतंय का?’

तिने यादी काढून टेबलावर पसरली. घडी नेमकी त्याच ओळीवरून गेली होती. गळ्यावरची बोटं काढून तिने पेन्सिल घेतली, आणि कोऱ्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली.

‘ताई, अहो आहात ना?’ दारापलीकडून आवाज आला.

‘आहे गं, आले,’ ताई म्हणाल्या. कडी मात्र त्यांनी अजून काढली नव्हती.

‘येतंय, सर,’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘त्रेचाळीस नंबर मी आज तीनच्या आत बंद करते आहे. उद्यापासून तपासायला पगारी माणूस बसवावा लागेल, तोवर रिपोर्ट थांबतील. आणि तो नियम मीच लावला होता, महिनाभरासाठी. तसं मी लिहून देते.’