मे महिन्यापासून उलटं

रदवानने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि आदराने विचारलं, "लल्ला झुलीखा, यात सप्टेंबर कुठाय?"

"खाली," झुलीखा म्हणाली.

खरंच होतं. तिच्या कागदावर सगळ्यात वर मे महिना, त्याखाली एप्रिल, मग मार्च, असं उतरत उतरत तळाशी सप्टेंबर. त्लेमसेन शहरातल्या त्या जुन्या संगीत मंडळात पाच वर्ग चालत आणि यंदाच अध्यक्ष झालेल्या रदवानने सगळ्या शिक्षकांकडून वर्षाचा आराखडा मागवला होता. बाकीच्यांनी मुकाट्याने सरळ लिहून दिला. पहिल्या महिन्यात हे, दुसऱ्यात ते, आणि शेवटी मे अखेरचा कार्यक्रम. झुलीखा मात्र पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेली बाई. पोरांना कुठे पोचवायचंय ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत आजचा धडा शोधायचा, हा तिचा खाक्या. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ती इथे लहान मुलांचा वर्ग घेत होती.

'मे' या शब्दापुढे तिने एकच ओळ लिहिली होती: मुलं माझ्याशिवाय गातील.

"का बरं? तुम्ही कुठे निघालात?" रदवान हसला.

तिने सांगितलं. घशात गाठ आहे, जूनमध्ये शस्त्रक्रिया आहे. ओरान शहरातला डॉक्टर म्हणतो बोलता येईल, गाता येईल की नाही ते मात्र देवाला ठाऊक. रदवानचं हसू विरलं. मग त्याने समजूतदारपणे सुचवलं, की मोठ्या वर्गातल्या कुणाला तरी मुलांसमोर बसवू, एवढं काय त्यात. झुलीखाने मान हलवली. तिला दुसरं कुणी नको होतं. मुलांसमोर कुणीच नको होतं, आणि त्याला कारण होते शेख बेनाली.

बेनाली तिचे गुरू. इथलं हे गाणं कागदावरून कुणी शिकत नाही, गुरूच्या तोंडातून शिष्याच्या कानात जातं. एक नूबा म्हणजे तासभराचं गाणं. संथ सुरुवात, मग एकेक भाग चढत्या लयीचा, असे पाच, आणि प्रत्येकात कडव्यांमागून कडवी. शेख प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द अर्धी मात्रा आधी स्वतः उच्चारायचे, की बाकीचे उचलायचे. चाळीस वर्षं असंच चाललं. ते गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी बावीस जाणती माणसं त्यांची आवडती नूबा गायला बसली. पहिलं कडवं छान झालं. वाद्यं वाजली, दुसऱ्याची वेळ आली, आणि सगळे थांबले. कुणासाठी थांबले होते? मेलेल्या माणसासाठी. शब्द प्रत्येकाला पाठ होते, पण सुरुवात करायची सवय एकालाही नव्हती. शेवटी शेखांच्या बायकोला वाटलं की गाणं संपलं, आणि ती कॉफी घेऊन आली. त्या बावीस जणांत झुलीखाही होती. आणि मग तिने स्वतः काय केलं? अकरा वर्षं मुलांना पहिला शब्द पुरवला. शेखांसारखाच, अर्धी मात्रा आधी.

आता ते मोडायचं होतं. डिसेंबरपर्यंत तिने सगळं गाऊन शिकवलं. जानेवारीपासून फक्त पहिला शब्द. मार्चमध्ये फक्त प्रत्येक भागाची सुरुवात, एप्रिलमध्ये मागच्या रांगेत बसायचं, मेमध्ये गप्प. गाडी रुळावर होती. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला, की गाठ वाढलीय, जूनपर्यंत थांबायला नको, सोमवारीच या. झालं. कागदावरचे दोन महिने एका फोनने पुसले गेले.

तीन आठवड्यांनी ती गळ्याला रुमाल गुंडाळून वर्गात आली. बोलायला मनाई होती, म्हणून हातात पाटी. पाटीवर लिहिलं: 'मी बोलणार नाही. तुम्ही गा.' नऊ ते तेरा वर्षांची चौदा पोरं, त्यांना ही गंमतच वाटली. गायला लागली आणि एकही कडवं न अडखळता पाचही भाग गाऊन मोकळी झाली. झुलीखाचा ऊर भरून आला. इतकं सोपं होतं तर आपण अकरा वर्षं कशाला घसा फोडला, असंही मनात येऊन गेलं. तिने पाटीवर मोठ्या अक्षरात 'शाब्बास' लिहिलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चाहिनेज नावाची एक मुलगी होती, अकरा वर्षांची, मांडीवरचं ऊद नावाचं तंतुवाद्य तिच्यापेक्षा मोठं आणि तोंडाला अजिबात कुलूप नाही. शेजारची तिला कोपराने ढोसत होती, तरी ती बोललीच.

"शाब्बास कशाला, खाला? तुमचे ओठ हलतायत की. आम्ही त्यांच्याकडे बघून म्हणतोय."

"गप ना गं," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांना बरं वाटत होतं."

झुलीखाने ओठांवर हात ठेवला. आपले ओठ हलतात हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि पोरांना केव्हापासूनचं ठाऊक होतं.

मग तिने रुमाल तोंडावर ओढून घेतला. पोरं भुवया वाचायला लागली. पुढच्या शनिवारी तिने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी जो काही गोंधळ झाला तो विचारू नका. तिसऱ्या भागातल्या दुसऱ्या कडव्याशी सगळे अडले. एकाने भलतंच कडवं उचललं, बाकीचे मेंढरांसारखे त्याच्यामागून गेले, मग भांडण, मग एक लहानगी रडायला लागली. झुलीखा भिंतीकडे बघत राहिली. शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. मागे वळून नुसतं बघितलं असतं तरी काम झालं असतं.

एप्रिलभर गाडी त्याच कडव्याशी अडत होती. एका शनिवारी रदवान दारात उभा राहून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर म्हणाला, की पोरांचा छळ कशाला, शेवटचा जलद भाग तेवढा बसवू, लोक टाळ्या धरतील, आईबाप खूश होतील. तिने पाटीवर लिहिलं: 'मग पुढच्या वर्षी पुन्हा मीच लागेन.'

"लागाल की," रदवान म्हणाला. "वाईट काय त्यात? आम्हाला तुम्ही हव्याच आहात, लल्ला."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले. कारण खरं सांगायचं तर तिला हेच हवं होतं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. शनिवारी चौदा तोंडं आपल्या तोंडाकडे डोळे लावून बसतात, यावर तिचा सगळा आठवडा निघायचा. ते आपल्याच हाताने बंद करणं जिवावर आलं होतं. तिने पाटी पुसली आणि रदवानला नाही म्हणून खूण केली.

मेअखेरीला सभागृह भरलं. मंचावर अर्धवर्तुळात चौदा खुर्च्या आणि खाली पहिल्या रांगेत मधोमध झुलीखाची, तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. ती खुर्चीत बसली, वर बघितलं, तर चौदाच्या चौदा पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ती उठली आणि बाहेर गेली.

बाहेरच्या बोळात वाद्यांच्या रिकाम्या पेट्या लावून ठेवल्या होत्या. तिने दार लोटून घेतलं. आत पहिला भाग सुरू झाला तेव्हा रदवान धावत आला.

"अहो, खुर्ची रिकामी दिसतेय. पोरं तुम्हाला शोधतायत."

"शोधू देत," ती म्हणाली. एवढ्यात कुजबुजण्यापुरता आवाज आला होता. "मी दिसले तर गाणार नाहीत."

"आणि अडली तर?"

"अडतील."

पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्यातलं पहिलं कडवं झालं, वाद्यांनी आपली फेरी पुरी केली, आणि आत शांतता पसरली. लोकांत कुणीतरी खोकलं. झुलीखाचे ओठ हलले, शब्द पुरा झाला, लाकडी दारासमोर. रदवानचा हात कडीकडे गेला तसं तिने त्याचं मनगट धरलं. किती वेळ गेला कोण जाणे. तिला ते बावीस जण दिसत होते.

मग एक आवाज आला. एकटा, हवा त्यापेक्षा बराच खाली लागलेला, भेदरलेला, पण शब्द बरोबर. मात्राभर तो एकटाच होता. मग दुसरा मिळाला, तिसरा, आणि सगळे.

"कोण हो हे?" रदवानने विचारलं.

डोळे मिटूनही तिला चौदाही गळे ओळखता यायचे. ही चाहिनेज नव्हती, ती वरच्या सुरात लागते. ज्यांच्यावर तिची भिस्त होती त्या दोघांपैकीही कुणी नव्हतं. तिने दाराला कान लावला, पण तोवर तो आवाज इतरांत मिसळून गेला होता.

"नाही कळलं," ती म्हणाली.

रदवानने विचारलं, दार उघडू का, आता काय हरकत आहे. तिने नको म्हटलं. ती एका पेटीवर टेकली आणि उरलेलं सगळं तिने ओठ घट्ट मिटून ऐकलं.