बजाबाईचं खोकं

सोलापूरच्या मंगळवार बाजारात, जुन्या मालाच्या रांगेत, कुंडलिक गोणपाट अंथरून बसायचा. गिरणीतून बाहेर पडल्याला सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याचा धंदा एकच, घडीचे चाकू. नवा चाकू तो ठेवायचाच नाही. वापरलेला घ्यायचा, गंज घासून काढायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, दगडावर धार लावायची आणि गिऱ्हाइकासमोर स्वतःच्याच हातावरचे केस भादरून दाखवायचे. मंगळवारी संध्याकाळी त्याचा डावा हात सोललेल्या कोंबडीसारखा दिसायचा.

खोक्याचं मात्र त्याला भारी वावडं. कुणी चाकू खोक्यासकट विकायला आणला, तर हा चाकू ठेवून खोकं शेजारच्या शेंगदाणेवाल्याकडं भिरकावून द्यायचा.

"नवरी पसंत करताना मेण्याचं माप घेतो का कुणी?" असं वर म्हणायचा.

त्याची बायको महानंदा घरी विड्या वळायची. तिला हे पटत नसे. "अवं, माल म्हंजे सगळाच माल की. कारखानदार काय येडा हाय खोकं कराया?"

"कारखानदार न्हाय येडा. खोक्याचं पैसं देणारा येडा. आन असला येडा सोलापुरात अजून जन्मला न्हाय."

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात तो येडा स्वतःहून चालत गोणपाटापाशी आला. पांढरा बुशशर्ट, डोक्यावर हॅट, आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. नवी पेठेतले दाताचे डॉक्टर आठल्ये. त्यांनी पंधरा-वीस चाकू नाक मुरडत उलथेपालथे केले आणि एकावर हात ठेवला तो उचललाच नाही. शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा विलायती चाकू होता. गेल्याच आठवड्यात कुंडलिकनं तो भुसार बाजारात धान्य तोलणाऱ्या मानसिंग तोलाराकडून अठरा रुपयांना घेतला होता.

डॉक्टरांनी पातं उघडलं, भिंगातून पाहिलं आणि त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली आला. "हा वापरलेलाच नाहीये. कुठं मिळाला? आणि खोकं कुठाय याचं?"

"खोकं काय करता साहेब? चाकू कापतो, खोकं न्हाय कापत."

"खोक्याशिवाय चाकू म्हणजे कवळी. खोक्यासकट चाकू म्हणजे स्वतःचे दात. नुसत्या चाकूचे साठ देईन. मूळचं खोकं आणलंस, आतल्या मखमलीत हा नेमका बसला, तर दोनशे."

कुंडलिकनं दोनशे हा आकडा पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणवून घेतला. मग डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, चाकू खिशात घातला, गोणपाट गुंडाळलं आणि बाजार ऐन भरात असताना भुसार बाजाराकडं सुटला.

मानसिंग ज्वारीच्या पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. खोक्याचं विचारताच तो चपापला. "हाय. पत्र्याचं हाय. पर ते आयकडं हाय, गावाकडं. तिची मिशरी असती त्यात. म्हातारीचं दात घासायचं सामान. ती न्हाय द्यायची."

"मी बघतो की."

"बघा. पर चाकू मी इकला ह्ये तिला सांगू नका. तिला वाटतंय चाकू माझ्या ट्रंकंत हाय. बा लढाईतनं घिऊन आल्ता त्यो. आय माजी वंगाळ हाय, सांगून ठिवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कुंडलिक मोहोळला उतरला आणि तिथून दोन कोस उन्हात चालत मानसिंगच्या वस्तीवर पोचला. येताना त्यानं एक थाप घोटून पाठ केली होती. आपण सरकारी माणूस, जुने पत्र्याचे डबे सरकार गोळा करतंय, एका डब्याला पाच रुपये. तोंड कसं करायचं तेही त्यानं एसटीच्या काचेत पाहून ठरवलं होतं.

बजाबाई दारात बसून दात घासत होती. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, काटक बाई. मांडीवर ते खोकं. झाकणावर कसल्यातरी परदेशी पुलाचं चित्र होतं, निम्मं झिजलेलं. कुंडलिकची थाप तिनं बोट न थांबवता शेवटपर्यंत ऐकली.

"सरकार डबं घेतंय?" पिचकारी टाकून ती म्हणाली. "बरं हाय. म्होरल्या साली चिंध्या घील. बस, पानी आनते. लई लांबनं आलास."

खोकं उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली.

तेवढ्यानं कुंडलिकचा तोल गेला. खरं म्हणजे गप्प बसला असता, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला असता, तर पाचाचे दहा करून खोकं मिळालंही असतं. पण मखमलीत चाकू बसतो की नाही, या शंकेनं त्याला रात्रभर झोप नव्हती. त्यानं झाकण उघडलं, मिशरी हातरुमालावर ओतली. खाली मखमल होती, कधीकाळची लाल, आता तव्यासारखी काळी, पण तिच्यात चाकूच्या आकाराचा खळगा स्पष्ट दिसत होता. त्यानं खिशातून चाकू काढून खळग्यात दाबला. आईच्या कडेवर पोर बसावं तसा चाकू आपसूक बसला.

"बसला गं बया!" कुंडलिक स्वतःशीच ओरडला.

समोर बजाबाई तांब्या घेऊन उभी होती.

ती किंचाळली नाही, याचं कुंडलिकला फार वाईट वाटलं. किंचाळली असती तर पळता आलं असतं. तिनं तांब्या खाली ठेवला, त्याच्या शेजारी बसली आणि चाकूकडं बघत राहिली.

"मानसिंगनं कितीला इकला?"

कुंडलिकची थाप केव्हाच विरघळली होती. "अठराला."

"आन तू कितीला इकणार?"

आता खोटं बोलायलाही त्याला जोर उरला नव्हता. त्यानं डॉक्टर, भिंग, कवळी, दोनशे रुपये, सगळं सांगून टाकलं. बजाबाईनं त्याच्या हातातून खोकं घेतलं, चाकू काढून त्याच्या हातात परत दिला आणि रुमालातली मिशरी कणही न सांडता पुन्हा खोक्यात भरली.

"चाकू तुजा. पैसं मोजलंस तू. खोकं माजं. मंगळवारी येते मी बाजारात. त्या डागदराला बसवून ठिव."

"मावशी, मीच दीन की तुमाला…"

"तू गप. तू सरकार हाईस."

मंगळवारपर्यंत महानंदाला काही सांगायचं नाही, असं कुंडलिकनं ठरवलं होतं. पण झोपेत तो दोनदा "बसला, बसला" म्हणाला. तेव्हा तिनं उठवून खोदून खोदून विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर भिंतीकडं तोंड करून इतकी हसली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या.

मंगळवारी डॉक्टर दवाखाना बंद करून दहालाच हजर झाले आणि शेंगदाणेवाल्याच्या स्टुलावर बसले. बजाबाई साडेअकराला आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर घट्ट. गोणपाटावर ऐसपैस मांडी घालून तिनं आधी चाकू मागितला. कुंडलिकनं दिला. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन तिनं तो वळवून वळवून पाहिला, नखानं पातं उघडलं. मग पिशवीतून एक कांदा काढला आणि कुणाला काही कळायच्या आत उभा चिरला.

"अहो! अहो, काय करताय!" डॉक्टर स्टुलावरून उठले. "तीस वर्षं कोरं राहिलेलं पातं आहे ते! कांद्यानं डाग पडेल!"

"पडू द्या की." बजाबाईनं कांद्याच्या आणखी दोन फोडी केल्या, भाकरी काढली आणि खायला लागली. बाजारातले चार लोक थांबून बघायला लागले. डॉक्टर तिच्या पुढ्यात उकिडवे बसून हातरुमालानं पातं पुसायचा प्रयत्न करत होते आणि ती त्यांचा हात झुरळ झटकावं तसा बाजूला करत होती.

शेवटचा घास संपल्यावर तिनं पातं पदरानं स्वच्छ पुसलं. मग पिशवीतून खोकं काढलं, मिशरी एका कागदाच्या पुडीत बांधून घेतली आणि खोकं डॉक्टरांपुढं ठेवलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं मात्र, त्यांना तीन शिंका आल्या.

"मिशरी!" डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या खुर्चीत गाढव आणून बसवलंय. "या मखमलीत मिशरी? आणि आतला कागद? छापील कागद असतो याच्याबरोबर."

"त्यो ह्येंच्या औषिधाच्या पुड्या बांधाया गेला. तशी बी औषिधं लागू पडली न्हाईत."

"बाई, ही मिशरी बंद करा हो. मी रोज बघतो. दात काळे पडतात, हिरड्या सडतात, चाळिशीत माणूस बोळका होतो."

बजाबाईनं तोंड उघडलं. चांगलं 'आ' करून, जबडा पुढं काढून, भर बाजारात. डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, वाकले आणि मनातल्या मनात मोजायला लागले. दात कोळशासारखे काळे होते, पण हलणारा एकही नव्हता.

"एकतीस," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांना ते कबूल करणं जड गेलं. मग खाली पडलेला मुद्दा उचलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे एक गेलाच की."

"त्यो मिशरीनं न्हाय गेला. ह्येंनी पाडला. नवं लगीन झाल्तं, हे लढाईवरनं आल्ते. कांदा चिराया ईळी सापडंना म्हणून म्या ह्यो चाकू घेतला. तवा पाडला. म्हनले, ह्यो साहेबानं दिल्याला चाकू हाय, तुज्यासारखीनं शिवायचा न्हाय. तू खोकं घे. तवाधरनं खोकं माज्याकडं."

बघणारे चार लोक एकदम दुसरीकडं बघायला लागले. कुंडलिकला उगीच आपल्या भादरलेल्या हाताची लाज वाटली आणि त्यानं बाही खाली ओढली. डॉक्टर खोकं मिटून मांडीवर धरून बसले.

"आता सांगा," बजाबाई म्हणाली. "नुस्त्या चाकूचं साठ म्हनलात?"

"हो."

"आन खोक्यासकट दोनशे. म्हंजे खोक्याचं एकशेचाळीस झालं की."

"पण बाई, मिशरीचा वास… कागद नाही… शिवाय पात्याला कांदा…"

"मग ऱ्हाऊ द्या." तिनं त्यांच्या मांडीवरचं खोकं उचललं आणि मिशरीची पुडी सोडायला घेतली.

"थांबा, थांबा!" डॉक्टर असे ओरडले की शेंगदाणेवाल्याचा झारा कढईत पडला. खोकं त्यांनी परत घेतलं, चाकू आत बसवून पाहिला, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आणि मग पाकीट काढलं. एकशेचाळीस रुपये बजाबाईच्या हातात पडले, साठ कुंडलिकच्या. डॉक्टर खोकं छातीशी धरून शिंकत शिंकत गर्दीत निघून गेले.

कुंडलिक आपल्या साठांकडं बघत बसला. आठवड्याभराची धावपळ, एसटीचं भाडं, चार कोसांची उन्हातली पायपीट, आणि ज्याला त्यानं जन्मभर कचरा म्हटलं त्या कचऱ्याला चाकूच्या दुपटीहून जास्त भाव. त्याला राग यायला पाहिजे होता. पण म्हातारीकडं बघून तो काही येईना.

ती नोटा कनवटीला लावून गोणपाटावरचे चाकू एकेक हाताळत होती. लाकडी मुठीचा, एका पात्याचा साधा चाकू तिनं उचलला. "ह्यो केवढ्याला?"

"असू द्या मावशी. घिऊन जावा."

"फुकाट नगं. केवढ्याला?"

"सहा."

"चार दीन. पातं हालतंय."

पातं खरंच हलत होतं. कुंडलिकनं सांधा ठोकून घट्ट केला, तेल सोडलं, आणि केस भादरायला बाही वर केली तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दिसतंय मला." चार रुपये मोजून तिनं चाकू मिटला आणि मिशरीच्या पुडीशेजारी कमरेला खोवला.

एसटी स्टँडपर्यंत तो तिच्याबरोबर गेला. पिशवी त्यानं घेतली. मोहोळची गाडी लागली होती. खिडकीशी जागा मिळाल्यावर कुंडलिकनं खालून विचारलं, "मावशी, मानसिंग इचारंल मला. काय सांगू?"

"सांग त्याला, आयकडं चाकू हाय."

गाडी सुटली. कुंडलिकनं निरोप जसाच्या तसा पोचवला, आणि मानसिंग तोलार त्या साली दिवाळीपर्यंत गावाकडं फिरकला नाही.