चित्रात माणूस नको

“पुसू नकोस आता! हात काढ तिथून!” कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत गोपीनाथ ओरडला.

काळूरामने फडकं मागे घेतलं. उजाडल्यापासून तो मोटारसायकलची टाकी पुसत होता. आता तिच्यात कोपरीचं मिठागर दिसत होतं, आभाळ दिसत होतं, आणि तीन पायांवर उभा असलेला कॅमेराही दिसत होता.

“मशीन राहिलं बाजूला, फोटोत मीच दिसेन,” म्हणत गोपीनाथने पिशवीतून पावडरचा डबा काढला. नौपाड्यातल्या त्याच्या स्टुडिओत लग्नाच्या मुली फोटोआधी तोंडाला लावत तीच ही पावडर. त्याने ती टाकीवर, दिव्यावर, सायलेन्सरवर हलक्या हाताने थापली. सगळी चकाकी मेली.

काळूरामला ते बघवेना. “पोरीला बघायला पावणे येनार हायत काय, गोपीनाथराव?”

“पावणे मुंबईत बसलेत, फोटो बघायला. पत्र विसरलास?”

पत्र विसरणं शक्यच नव्हतं. काळूराम चाळिशीत अक्षरं शिकला होता, आणि ते पत्र त्याने ओळीखाली बोट फिरवत इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटला होता. मोटारगाड्यांच्या मासिकाने लिहिलं होतं : फोटो स्वच्छ हवा. गाडी एकटी हवी. चित्रात माणूस नको, माणसाचा हातपायही नको. तसा फोटो सोमवारपर्यंत पोचला, तर खाली गाडी बांधणाऱ्याचं नाव छापू.

कल्याणच्या लष्करी छावणीतून लिलावात निघालेल्या तीन मोडक्या गाड्यांतून त्याने ही एक उभी केली होती. इंजिन एकीचं, पुढच्या चाकाचा काटा दुसरीचा. सांगाडा कापून, लांबवून पुन्हा जोडलेला. टाकी तर पत्रा ठोकून स्वतःच घडवलेली. दोन वर्षं गेली त्यात. पण पैसा कल्याणच्या परशुराम पाटलांचा, म्हणून गाडीही त्यांची. आज बाराला त्यांचा माणूस येऊन ती कल्याणला नेणार होता, मुलाच्या वरातीसाठी. तिथून ती मुलाबरोबर नाशिकला जायची. काय व्हायचं ते आज सकाळीच व्हायला हवं होतं.

मिठागर गोपीनाथने शोधलं होतं. खाली पांढरं असलं की उजेड वर चढतो, इंजिनाच्या पोटातलंही दिसतं, असं त्याचं म्हणणं. त्याने बोट दाखवलं. “त्या वाफ्यात, मधोमध उभी कर.”

“काल्या!” बांधावरून राघोचा आवाज आला. राघो त्या मिठागरावरचा जुना माणूस, काळूरामच्याच आळीतला. “गारी मिठान घातलीस तं बघ! तीन आठवरे पाय मारलेत आमी.”

काळूरामला ते सांगायला नको होतं. चौदाव्या वर्षी तोही रांगेत उभा राहून असाच चिखल तुडवत होता. तळ दगडासारखा होईपर्यंत अनवाणी पायांनी तुडवायचा, मग पाणी घ्यायचं. एका चाकाने तो तळ फाटला की त्या वाफ्याचं मीठ काळं.

“वाफ्यात नाय,” तो म्हणाला. “गाडी बांधावर. तुमी समोरच्या बांधावर जावा. मधी मीठच मीठ हाय.”

“बांध दोन हात रुंद आहे रे!”

“गाडीला बास.”

गोपीनाथ पुटपुटत निघाला. त्याच्याजवळ चारच काचा होत्या, म्हणजे चारच फोटो.

“आनि लवकर आटपा,” राघो म्हणाला. “भरती चरतेय. उघारी उघरली, पानी आत आलं, की बांध नरम परतो.”

पहिल्या काचेला गाडीचा स्टँड रुतला. गाडी कलली, काळूरामने झेप घालून धरली. काच फुकट. स्टँडखाली फरशी घातली तर ती फोटोत दिसणार. मग काळूरामने स्टँडच वर केला, बांधाच्या मागे, खाडीकडच्या उतारावर उतरला आणि गुडघ्याइतक्या खारट पाण्यात वाकून, खालून सांगाडा दोन्ही हातांनी धरला. पायांच्या भेगांत मीठ चरचरू लागलं.

“दोन म्हणेपर्यंत हलायचं नाही!” समोरच्या बांधावरून गोपीनाथ ओरडला. “एक...”

खाडीवरून वारा आला. टाकी थरथरली.

“गेली!”

तिसऱ्या वेळी गाडी दगडासारखी राहिली, पण काळूरामचं डोकं टाकीवर आलं. गोपीनाथने कपाळावर हात मारला. “अरे, तुझं मुंडासं! गाडीला काय फेटा बांधलाय?”

काळूरामने मुंडासं सोडून पाण्यात टाकलं. खाडीचं पाणी बांधावर चढत होतं. राघो उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत सोडायच्या दाराच्या, फळीवर हात ठेवून उभा होता. पाणी आत घ्यायची वेळ टळत होती, त्याला ते कळत होतं.

“राघो, एक काच ऱ्हायली रं.”

“घे. मंग सोरतंय.”

काळूरामने मान खाली घातली. डोळ्यांपुढे फक्त बांधाचा चिखल.

“एक...”

मागच्या चाकाखालचा चिखल सुटला. दोन वर्षांचं ते सगळं ओझं हळूच त्याच्या उजव्या हातावर आलं. हात निसटला, वर सरकला, आणि सीटखालच्या पाइपाला त्याने मूठ आवळली. श्वास घेतला नाही.

“दोन! झालं!”

मागे राघोने फळी उचलली.

बाराच्या ठोक्याला गाडी गेली. काळूरामने तिच्यावरची पावडर पुसून दिली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपीनाथने स्टुडिओत ती काच खिडकीशी धरली. काचेवर सगळं उलटं, पांढरं ते काळं. तरी गाडी कळत होती. तारांपर्यंत स्वच्छ, सरळ, जशी स्वतःच्या बळावर उभी. सीटखाली मात्र पाइपाला आवळलेली चार बोटं.

काळूराम काचेजवळ वाकला. “मंग नाय छापनार?”

“असा नाही छापणार. पण मुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी वीस वर्षं काढतोय.” गोपीनाथने पात्याची धार अंगठ्यावर बघितली. “ही काढता येतील. तू सांग.”

“काडा.”

गोपीनाथ डोळ्याला भिंग लावून बसला. पातं काचेवर खरवडू लागलं, उंदराने कागद कुरतडावा तसं. करंगळी गेली. तिच्या शेजारचं बोट गेलं. मग तो थांबला.

“याच्या मागे काय आहे? मला पाइप जुळवून द्यावा लागेल. गाडी तर गेली.”

“तिथं सांधा हाय. माज्या हातचा. वरून सपाट घासलाय, खाली जरा फुगीर.”

“जाडी किती?”

काळूरामला आकडा आठवेना. त्याने उजवा हात पुढे केला, हवेतच तो पाइप मुठीत धरला आणि मूठ पाइपाच्या मापाची झाल्यावर थांबला.

“एवडी,” तो म्हणाला.

गोपीनाथने एकदा त्या मुठीकडे बघितलं, एकदा काचेकडे, आणि पातं पुन्हा टेकवलं. काम संपेपर्यंत काळूरामने हात तसाच धरून ठेवला.