कोवचा मंगळवार

कोव बेंत्सिल बुडाला तो सोमवारी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात आता तसं म्हणणाऱ्या त्याची बायको अराबा आणि मी, अशा दोघीच उरलोय. त्या संध्याकाळी पाण्याने भरलेली त्याची होडी ओढायला आम्ही वीस-पंचवीस जण दोराला होतो. माझ्याच पुढे मच्छीमारांचे प्रमुख नाना एजिर होते.

पंधरवड्याने राजधानी अक्राहून निवडणुकीचा उमेदवार आला, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. मंचावरून त्याने कोवची गोष्ट सांगितली. घरात पीठ नाही, पोर रडतेय, म्हणून समुद्राच्या विसाव्याच्या दिवशी, मंगळवारी, बाप होडी लोटतो. त्याला सरकारने मारलं, असा शेवट. बायका रडल्या. सोमवार ठाऊक असून मीही रडले, याचा मला अजून संताप येतो.

मंगळवार घातला की दुःख वाढतं, एवढंच त्या शहाण्याला कळत होतं. आमच्याकडे मंगळवार मोडणाऱ्याची होडी जप्त होते, हे त्याने कुणाला विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी नानांच्या माणसांनी कोवच्या होडीला साखळी घातली. तीच होडी घेऊन अराबाचे भाऊ समुद्रावर जाणार होते, तिची चार पोरं जगणार होती.

अराबा मला घेऊन नानांकडे गेली. "नाना, दोर तुमच्याच हातात होता," म्हणाली.

नाना जाळ्याची गाठ सोडवत राहिले. "होता गं. पण गोष्ट सगळ्यांच्या मोबाइलवर गेलीय. आता होडी सोडली, तर उद्या जो तो मंगळवारी निघेल आणि सांगेल, पोर रडत होती."

पुढच्या सभेत उमेदवाराने अराबाला मंचावर बोलावलं. तिने माइक घेतला.

"माझा नवरा सोमवारी गेला. घरात पीठ होतं. आदल्या रात्री आम्ही मक्याच्या पिठाचे केंके पोटभर खाऊन भांडलोसुद्धा. होडी परत द्या."

उमेदवाराने तिच्या खांद्यावर हात ठेवून माइक हळूच काढून घेतला. "बघा," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "दुःखाने बिचारीला वारही आठवत नाही."

सगळा किनारा हुंदके देऊ लागला. शेजारची एसोन सगळ्यांत मोठ्याने. मी तिला कोपराने ढोसलं, त्या सोमवारी तूही दोर ओढत होतीस ना, म्हटलं.

"गप्प बस गं," ती म्हणाली, "ऐकू दे."

उमेदवार निवडून आला. होडी उन्हात तडकतेय. अराबाचे भाऊ कामासाठी गाव सोडून गेले, आणि जाताना तिलाच विचारून गेले, ताई, खरं सांग, मंगळवारच होता ना?