जागृत सुरी

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या शकुनताई पाटणकरांच्या जिन्यात त्या रविवारी चपलांचा असा ढीग पडला होता, की खालच्या मजल्यावरचे घोषबाबू लग्न आहे की मयत हे विचारायला वर आले. आले ते तिथेच बसले. वर साक्षात शस्त्रानंद महाराज अवतरले होते आणि कोलकात्यातली निम्मी मराठी मंडळी घरची सुरी पिशवीत घालून त्यांच्यापुढे हजर होती. मेट्रोत पिशव्या तपासतात म्हणून सगळ्या बायका ऑटोने आल्या होत्या. आपण काय वाहतोय हे कळलं असतं, तर ऑटोवाले बिचारे धंदा सोडून गावी गेले असते.

विनीता अळतेकर मागच्या भिंतीला टेकून बसली होती. ती पॉलिटेक्निकमध्ये धातुशास्त्र शिकवायची आणि इथे यायची तिला काडीची हौस नव्हती. पण सासूबाईंच्या, म्हणजे प्रेमलताबाईंच्या पित्ताशयात खडे होते. मागच्या महिन्यात त्या दुखण्याने गडबडा लोळल्या होत्या. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि आता पुढे ढकललं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंचं म्हणणं एकच, "आधी महाराजांना विचारू."

"ही बघा, निद्रिस्त सुरी." महाराजांनी शकुनताईंची सुरी टोमॅटोवर ओढली. टोमॅटो चेपला, पण साल फाटेना. "लोखंडात आत्मा आहे, माउली, पण तो घोरतोय."

मग त्यांनी तीर्थाची पांढरी चिनीमातीची वाटी रिकामी केली, पालथी घातली आणि तिच्या बुडाच्या कडेवर पातं फिरवायला लागले. दर फेरीला एक नाम. "ॐ धारिण्यै नमः. ॐ छेदिन्यै नमः." नामावळी संपल्यावर सुरी टोमॅटोवर नुसती टेकवली आणि पातळ चकती ताटात पडली. हॉलभर "अहाहा" झालं. घोषबाबूंनी तर डोळे मिटून हात जोडले.

"जी टोमॅटो कापते, ती खडा का नाही कापणार?" महाराजांनी प्रेमलताबाईंच्या पोटावरून, पदराच्या वरूनच, सुरी ओवाळली. "झाले तुकडे. आता ऑपरेशन नको. एका देहावर दोन सुऱ्या चालत नाहीत."

सासूबाईंचा चेहरा असा खुलला, की विनीताला आता बसवेना. ती उठली आणि पिशवीतून दोन सुऱ्या काढून पुढे गेली. वर्गात दाखवायला तिने दोन वेगवेगळ्या कारखानदारांच्या सुऱ्या घेतल्या होत्या. पोलाद दोन्हींचं एकच, स्वस्तातलं स्टेनलेस. एकाने पातं भट्टीत नीट तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेताने शेकून कडक केलेलं. दुसऱ्याने आळस केलेला; पत्रा कापून नुसती चकाकी दिलेली. दोन्हींची धार तिने आधीच फरशीवर घासून घालवली होती.

आळशाची सुरी लगेच जागी झाली. दुसरीवर मात्र नामावळी दोनदा संपली, महाराजांच्या कपाळावर घाम आला, तरी सुरी ढिम्म.

"हिच्यात अहंकार आहे," महाराज म्हणाले. "घरात कुणीतरी शंकेखोर असणार."

सगळ्यांनी विनीताकडे पाहिलं. ती नम्रपणे हसली. पण मंत्राला कारखान्यातल्या भट्टीशी काय देणंघेणं, हा प्रश्न तिचं डोकं सोडेना.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी मुलाला फर्मान काढलं, "उन्मेष, दवाखान्यात नाही म्हणून कळव." उन्मेष बँकेतला माणूस. "बघतो," म्हणाला. म्हणजे तो काही करणार नव्हता.

"आई, तो मंत्र नव्हता. तो धार लावत होता," विनीता म्हणाली.

"चार पुस्तकं शिकवतेस म्हणून साधुपुरुषाला बोल लावू नकोस."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. विनीताने सूर बदलला. "बरं, एक सांगा. आपल्या देवघरात तुम्ही चिनीमातीची वाटी ठेवू द्याल?"

"भलतंच काय? सोवळ्यात कधी चिनीमाती चालते?"

"मग महाराजांचं तीर्थ त्यात कसं? बिचाऱ्यांना कुणी चांदीची वाटी दिली नसेल."

प्रेमलताबाई हळहळल्या. मंगळवारी त्या देवघरातली चांदीची वाटी रेशमी रुमालात गुंडाळून विनीतासह शकुनताईंकडे गेल्या. महाराजांचा मुक्काम तिथेच होता आणि बायका पुन्हा सुऱ्या घेऊन जमल्या होत्या. शकुनताईंना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरी तीर्थ चिनीमातीत? त्यांनी लगबगीने ती चिनीमातीची वाटी उचलून थेट मोरीत नेऊन टाकली.

महाराज चांदीकडे पाहून दचकले. "चांदी शीतल, माउली. मंत्र गोठतो."

"अहो, देवाला चालते ती मंत्राला चालणार नाही?" प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि तमाम बायकांनी माना डोलावल्या.

आता इलाज नव्हता. एका बोथट सुरीवर नामावळी झाली. चांदीवर ओरखडे उठले, टोमॅटोचा पार लगदा झाला. महाराज पुटपुटले, "आज अमावास्येची छाया आहे."

"आज पंचमी आहे, महाराज," शकुनताई म्हणाल्या.

तेवढ्यात विनीताने घोषबाबूंचा चहाचा रिकामा कप उचलला, पुसला आणि पालथा घातला. त्याच सुरीने ती बुडावर फेऱ्या मारायला लागली. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले. पाढा दोनदा म्हणून झाल्यावर तिने सुरी टोमॅटोवर टेकवली. चकती पडली, महाराजांच्याहून पातळ. कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं.

"बुडाच्या कडेला बोट लावून बघा," तिने कप फिरवला. "तिथे लकाकीचा लेप नसतो, खरखरीत असतं. ही भाजलेली माती पोलादाहून कठीण असते, म्हणून धार लावते. पातं मऊ असेल तर पटकन लागते आणि पटकन जाते. कडक पात्याला वेळ लागतो, पण त्याची धार टिकते. पोलाद तेच. करणाऱ्याने भट्टीत काय केलं, त्यावर सगळं."

"तरीच," पुढे बसलेल्या अलकाताई फणकारल्या. "मागच्या खेपेला जागी केलेली माझी सुरी आठ दिवसांत बोथट झाली, तर महाराज म्हणाले घरात पाप आहे. आठ दिवस नवऱ्याकडे संशयाने बघत होते मी."

महाराज गाशा गुंडाळायला लागले. प्रेमलताबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या खड्यांचं काय झालं?"

"ते तर कापले गेले, माउली."

"कशाने? चहाच्या कपाने?"

यावर जो हशा पिकला, त्यात महाराजांना जिन्यातल्या ढिगातून स्वतःच्या चपला शोधाव्या लागल्या.

परतताना ऑटोत सासूबाईंनी चांदीच्या वाटीवरचे ओरखडे पदराने पुसून पाहिले. मग म्हणाल्या, "मला कळत नव्हतं असं नाही गं. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. तो नको म्हणाला, तेच गोड लागलं."

"मलाही भीती वाटतेय, आई," विनीताने त्यांचा हात धरला. "पण ती डॉक्टरांना सांगू. त्यांना उत्तरं येतात."

गुरुवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले. चांगले हरभऱ्याएवढे, गोल गरगरीत, एकावरही साधा ओरखडा नव्हता. प्रेमलताबाई ती बाटली भेटायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात देतात आणि म्हणतात, "महाराजांनी तुकडे केले होते ना? मोज बरं तुकडे." ती ओशाळली, की पुढचं सांगतात, "श्रद्धा असू दे बाई, पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी आपल्या हाताने करून बघावा. आणि पोटात दुखलं तर सरळ दवाखान्यात जावं. भीती वाटली तरी जावं, मी गेलेच की."