आईच्या मातीची कॅसेट

तेलेसिया दारातून आत आली तीच नाक मुरडत. "शी! कसला वास गं हा तुझ्या दुकानाला? उंदीर मेलाय का?"

"जुन्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी येते, तिचा वास आहे," सिनिवा म्हणाली. "बस. आणि बसल्यावर जरा गप्प बस."

बेटावरच्या आपिया शहरात, बस स्टँडामागे, शिंपिणीच्या दुकानाला चिकटून सिनिवाची ही खोली. ऑकलंडहून परतताना चार लोकांसारखे कपडेलत्ते न आणता ती एक जुनाट कॉम्प्युटर आणि दोन कॅसेट-प्लेयर घेऊन आली. लोक फिदीफिदी हसले होते. पण घराघरांत लग्नं, बारशी, मयतं कॅसेटींत कुजत पडलेली आणि प्लेयर एकजात मेलेले. मग तेच हसणारे डिस्क करून घ्यायला तिच्या दारात यायला लागले.

आज मात्र कॅसेट घरचीच होती. आईच्या मातीची.

सिनिवाला गावात, तिथल्या रीतीने आईच्या थडग्याशेजारी घर बांधायचं होतं. जमीन सगळ्या कुटुंबाची आणि शब्द काकांचा. तेलेसियाने, थोरल्या बहिणीने, मोडता घातला. धाकटी आईच्या मातीला रिकाम्या हातांनी आली, मयताला वाहायची मानाची चटई आणली नाही, तिला कसली जागा देता? वर्षानुवर्षं गावभर हीच पिपाणी वाजवली होती तिने. मयताला चटई न आणणारी लेक म्हणजे लेकच नव्हे! त्या दिवशी चटयांचा ढीग लागला होता, कुणाची कुठली हे आता कोण सांगणार? आठवण असलेली म्हातारी माणसंही आईच्या मागोमाग गेली. शेवटी काका वैतागले. "कॅसेट आहे ना? शनिवारी सगळ्यांसमोर लावा. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

"एक तुकडासुद्धा कापायचा नाही, काकांनी बजावलंय," तेलेसिया खुर्चीत बसत म्हणाली. "म्हणून तर मी इथे पहाऱ्याला आलेय. तुझ्या या खोक्यात नसलेली चटई घुसवशील, तुझा काय नेम?"

"आणि तू? तू काही केलं नाहीस ना कॅसेटचं?"

"मी? कपाटात होती. आईला पुरली तेव्हापासून एकदाही लावली नाही."

सिनिवाने कॅसेट आत सरकवली. "आता कशाला हात लावू नकोस. मशीन म्हातारं आहे. कॅसेट जेवढी चालेल तेवढा वेळ बसायचं. मध्येच काही दाबलं की लटकतं आणि पहिल्यापासून."

दोघी बसल्या. पडद्यावर घराचं अंगण आलं, तंबू आला, काळ्या कपड्यांतल्या बायका आल्या. आईचा चेहरा आला तेव्हा सिनिवा पुढे झुकली. तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण पंख्याने वारा घेत होती. इतका संताप आला सिनिवाला, की तो पंखा हिसकावून मोडून टाकावा.

चटया सुरू झाल्या. अंगणात उभा राहून गावचा वक्ता एकेक नाव पुकारायचा, बायका चटई उलगडून मिरवायच्या, आणि बसलेल्यांतून आभाराचा गजर उठायचा. दक्षिणेकडचे मावसभाऊ झाले. पाद्रीबाबा झाले. आणि चित्र फाटलं. आधी पांढऱ्या रेघा, मग नुसतं मुंग्यांचं वारूळ.

"बघ!" तेलेसियाने मांडीवर थाप मारली. "कुठाय तुझी चटई? दाखव ना!"

पण या रेघा सिनिवाच्या ओळखीच्या होत्या. लग्नाच्या कॅसेटी नवरी घरात शिरते तिथे अशा होतात, मयताच्या शेवटच्या दर्शनापाशी. बुरशीने असं होत नाही. कुणीतरी तेवढंच पुन्हापुन्हा मागे नेऊन, थांबवून थांबवून पाहिलं की टेप खरवडली जाते.

तेवढ्यात त्या मुंग्यांतून वक्त्याचा आवाज खणखणीत आला. "ऑकलंडहून आलेली धाकटी लेक..."

तेलेसियाचा पंखा थांबला. "आवाज कसा येतोय?"

"आवाज टेपच्या काठावर असतो. घरचा टीव्ही चित्र गेलं की आवाजही बंद करतो. हा नाही करत."

"...सिनिवा! आईच्या पायाशी तिची मानाची चटई!" वक्ता गर्जला, आणि मागून असा गजर उठला की स्पीकर करकरला.

सिनिवाचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती बहिणीचे ओठ पाहत होती. वक्त्याच्या शब्दागणिक ते हलले होते. एक शब्द मागे नाही, एक पुढे नाही.

"एकदाही लावली नाहीस, काय?" सिनिवा उसळली. "पाठ झालंय तुला, नालायक बाई! सगळं माहीत असून माझ्या नावाने गावभर शिमगा केलास?"

"केला!" तेलेसिया ओरडली. "आईचं हगणंमुतणं कुणी काढलं? मी! रात्रंदिवस मी! तू विमानातून उतरलीस, कुणाकडून तरी विणून घेतलेली चटई उलगडलीस आणि अख्खं गाव तुझ्यासाठी ओरडलं. मला तो ओरडा झोपू देईना. चित्र गेलं तेव्हा सुटले म्हटलं. आता बंद कर ते."

"का? पुढे बघायचं नाही?"

"पुढचं मी कधी बघितलं नाही. पुढे माझी चटई आहे. बंद कर!"

"नाही करणार. एक तुकडा कापायचा नाही, तूच म्हणालीस. बस आणि बघ."

चित्र परत आलं, अगदी स्वच्छ. वक्त्याने थोरल्या लेकीचं नाव घेतलं. तेलेसियाची चटई उलगडली गेली. जुनी, पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला रफू केलेली. गजर उठला नाही, कुणीतरी खोकलं. कॅमेरा सावकाश बसलेल्या बायकांवरून फिरला आणि एका तरुण बाईवर थांबला. ती शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंडावर हात दाबून हसत होती. चटईकडे बोट करून हसत होती. खांदे गदागदा हलत होते.

ती सिनिवा होती.

सिनिवाचा हात आपसूक माउसकडे गेला. तेलेसियाने तो मनगटापाशी घट्ट धरला, आणि कॅसेट संपेपर्यंत सोडला नाही.

डिस्क बाहेर आली तेव्हा गरम होती. तेलेसियाने ती उचलली आणि पिशवीत नीट बायबलशेजारी ठेवली.

"ताई," सिनिवा म्हणाली. किती वर्षांनी तिने ही हाक मारली होती!

"घर बांध तू आईशेजारी. माझी आता काही हरकत नाही," तेलेसिया दारात वळून म्हणाली. "पण शनिवारी डिस्क मीच लावणार. पूर्ण. आणि तू पुढे बसायचंस, सगळ्यांना दिसशील अशी."