फादरांच्या मळ्यातला अबोला

मला गप्प बसायची नोकरी हाय, असं सांगितलं की आमच्या गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. त्यांचं तरी काय चुकतं? मी विहिरीवर बोलले की चार वावरं पलीकडचा बैल कान टवकारतो, असं आमचे मालक म्हणायचे. ते होते तोवर त्यांना बोलायला कधी जागाच मिळाली नाय, बिचाऱ्यांना.

पण नोकरी खरीच हाय. सिन्नरच्या अलीकडं फादर जेरोमचा मळा हाय. कांदा, टमाटे, बांधाला पेरूची झाडं, आन् मधोमध पत्र्याचा लांबलचक मंडप. मंडपात लाकडाचा क्रूस आन् खाली चटया. महिन्यातून एकदा तिथं नाशिकची, पुण्या-मुंबईची ख्रिस्ती माणसं येतात. शुक्रवारी दिवेलागणीला मोबाईल टोपलीत टाकतात ते रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना, संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नाय. फादर म्हणतात, माणूस गप बसला की देवाला बोलायला सापडतं. मी म्हणलं, फादर, माझ्याकडं देवाला लय ताटकळावं लागंल. ते हसले आन् म्हणाले, चंद्रभागाबाई, स्वयंपाकघरालाही तोच नियम.

चार वर्षं झाली. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशीच मला राहवेना. मग मी गोठ्यात जाऊन म्हशीला सगळ्या गावाची हकिकत सांगितली तेव्हा कुठं भाकरी गोड लागली. पाहुण्यांचंही तसंच. मागं एक बँकेतले मोठे साहेब आले होते, ते पेरूच्या झाडाला गुड मॉर्निंग करताना मी या डोळ्यांनी पाहिले. एक बाई ठेचा संपला की वहीत लिहून दाखवायच्या, 'अजून मिळेल का, देव भलं करो.' हळूहळू मलाही त्याची गोडी लागली. दोन दिवस कुणी कुणाची उणीदुणी काढत नाय, लय बरं वाटतं.

ह्या खेपेला मात्र माझं डोकं शुक्रवारीच फिरलं. माझ्या हाताखालची तेजस्विनी बाळंतपणाला माहेरी गेली होती. फादर म्हणाले, दुसरी बाई मिळाली, स्वतः होऊन विचारत आली होती. बघते तर दारात कोण? उज्वला. माझी धाकटी जाऊ.

आता उज्वलाचं सांगायलाच पाहिजे. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं. तिची सृष्टी झाली तेव्हा तिच्या अंगात बाळंतज्वर होता, तर ते पोर सव्वा महिना माझ्या पायावर न्हालं. मला मूलबाळ नाय. सृष्टी मला मोठी आई म्हणते आन् मी तिची आहेच, त्यात कुणाला विचारायचं काय कारण नाय. मग मालक गेले. ते गेल्यावर पाचव्या महिन्यात उज्वलानं नवं घर बांधलं त्याची वास्तुशांत होती. बाया ओळीनं बसलेल्या, ही हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीला लावत आली. माझ्यापुढं आली, थांबली, आन् ताट घेऊन माझ्या शेजारणीकडं गेली.

एवढंच. तोंडातून वाईट शब्द काढला नाय तिनं. काढला असता तर मी दोन हाणले असते आन् मिटलं असतं. मी उठले, न जेवता घरी आले, आन् तिथून तीन वर्षं आमचा अबोला. मधे दोनदा तिचा मालक रंगनाथ समजवायला आला, त्याला मी पाणी दिलं आन् वाटेला लावलं.

आन् आता सृष्टीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. रंगनाथ पत्रिका देऊन गेला, तिला कोपऱ्यात कुंकू लावलेलं. मी म्हणलं, कुंकू कागदाला लावता होय रे? त्या पोरीच्या आईनं यावं, माझ्या कपाळाला लावावं आन् तोंडानं ये म्हणावं. नायतर मी येत नाय. म्हणाले खरी, पण तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाय. ती नाय आली तर मला जाता येणार नाय, आन् सृष्टी माझ्याशिवाय बोहल्यावर चढली तर मी त्या दिवशी जिती राहायची नाय. आपलीच जीभ आन् आपल्याच गळ्याला फास.

तर अशी ही उज्वला, लग्नघर सोडून फादरांच्या मळ्यात भाकरी थापायला आलेली. मला वाटलं, ही बया माझ्या नाकावर टिच्चून आलीय. बोलायची सोय नाय, म्हणून मी कढई अशी आपटली की मंडपातल्या लोकांनी वळून पाहिलं.

हात मात्र बेइमान. मी पीठ मळायला घेतलं की ती तवा ठेवायची. मी मागं हात केला की पळी हातात. वीस वर्षांची सवय, ती काय अबोल्याला विचारते? शनिवारी सकाळी दोनदा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पदराची गाठ चाचपत. दोन्ही वेळा मी डब्याचं झाकण वाजवलं आन् पाठ फिरवली.

दुपारी घोटाळा झाला. मी आमटीत मीठ टाकलं. ती मागून आली, तिनंही टाकलं. मीठ टाकलंय का, एवढं विचारायला एक शब्द लागतो. मौन नसतं तरी आम्ही तो खर्चला नसताच, ही गोष्ट वेगळी. एकोणीस माणसं जेवायला बसली. पहिला घास घेतला आन् सगळ्यांचे चेहरे लांब झाले. पण बोलणार कोण? साधनेला आलेली माणसं, त्यांना वाटलं हीच काहीतरी परीक्षा असंल. एका आजोबांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली आन् वाटी एका दमात संपवली. ठेच्यावाल्या बाई होत्याच, त्यांनी वहीत नुसतं 'समुद्र' लिहिलं. फादर तीन तांबे पाणी प्याले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आन् मान हलवत निघून गेले.

रविवारी सकाळी मिस्सा. प्रार्थना आन् प्रवचन तेवढं बोलून होतं, बाकीच्यांनी शेवटची घंटा होईस्तोवर गपच बसायचं. मधे मळ्यातलं काही देवाला अर्पण करतात, ते ताट स्वयंपाकघरातल्या बाईनं घेऊन जायचं. नेहमी मी नेते. ह्या वेळी ताट उज्वलानं भरलं. पेरू, टमाटे, दिवा, आन् ताट म्हणलं की हिच्या हाताला दुसरं सुचतच नाय, म्हणून हळदीकुंकवाची कोयरी. क्रूसापुढं कोयरी? मी कपाळावर हात मारला, पण बोलता येईना. मनात म्हणलं, ने तूच, बघू फादर काय म्हणतात. मी दाराशी उभी राहिले.

फादर प्रवचनात म्हणाले, "काल आपण सगळ्यांनी खारट आमटी खाल्ली. मी रात्रभर पाणी पीत विचार केला. देवापुढं ताट घेऊन निघालात आणि वाटेत आठवलं, की आपल्या माणसाशी आपलं वाकडं आहे, तर ताट तिथंच राहू द्या. आधी त्या माणसाकडं जा. देव थांबतो. त्याला घाई नाही."

मग पेटी वाजू लागली आन् उज्वला ताट घेऊन चटयांच्या मधून निघाली. पाच-सहा पावलं गेली आन् थांबली. फादर हात पुढं करून उभे. ही वळली. सगळ्यांच्या देखत, पेटी वाजत असताना, परत चालत माझ्याकडं आली. ताट खाली ठेवलं. कोयरीतलं हळदीकुंकू बोटाला घेतलं आन् माझ्या कपाळाला लावलं. घाईत अर्धं कुंकू माझ्या नाकावर पडलं. मग पदराची गाठ सोडली, आतल्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या आन् वाकून माझे पाय धरले.

तीन वर्षं मी ठरवून ठेवलं होतं, ही आली की काय काय सुनवायचं. सगळं पाठ होतं. त्यातलं एक वाक्य आठवंल तर शपथ. मी मंडपात ढसाढसा रडले, आन् मग मौन गेलं चुलीत.

"घरी यायला काय झालं होतं गं तुला?" मी ओरडलेच. पेटी बंद पडली. "तीन वर्षं? तीन वर्षं लागतात का शंभर पावलं यायला?"

उज्वला डोळे पुसत म्हणाली, "घरी तुम्ही मला दारातूनच हाकललं असतं, बाई. माझं काही ऐकून घेतलं असतं का? इथं तुमचं तोंड बंद असतं, म्हणून आले."

खरंच होतं ते. हाकललंच असतं मी.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी बायांच्या नजरेला भ्याले. सृष्टीला पहिली हळद तुम्ही लावायची, मोठ्या आईनंच लावायची म्हणून ती अडून बसलीय. आन् मलाही तेच पाहिजे."

फादर अजून हात पुढं करून उभेच होते, कुणीही हलत नव्हतं. मी खालच्या आवाजात म्हणलं, "अगं येडे, माझा मालक गेलेला. मी पहिली हळद लावली तर मांडवात लोक बोलतील."

उज्वलानं ताट उचललं आन् माझ्या हातात दिलं, फादरांकडं न्यायला.

"बोलू द्या की," ती म्हणाली. "तुम्ही पण बोला. तिथं काय मौन नाय."